सॅलमँडरचा सध्याचा पत्ता

श्रीपाद हर्डीकर यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. एका सरकारी विमा कंपनीच्या जयपूर कार्यालयात ते दावे विभागाचे अधिकारी होते आणि कोरा रकाना दिसला की त्यांचा हात आपोआप पेनाकडे जाई. मुरलीपुऱ्यातल्या एका गृहस्थांची विमा उतरवलेली म्हैस मेली, तेव्हा ‘कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक’ हा रकाना कोरा आहे म्हणून त्यांनी दावा परत पाठवला होता. बिल्ला म्हशीबरोबरच पुरला गेला, असं ते गृहस्थ हात जोडून सांगत होते. हर्डीकरांना वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यासाठी फॉर्ममध्ये जागा नव्हती.

हर्डीकर मूळचे सांगलीचे. कंपनीच्या मालवीय नगरातल्या वसाहतीत, क-१४ या क्वार्टरमध्ये ते पत्नी विभा आणि मुलगी तनया यांच्यासह नऊ वर्षं राहत होते. सांगलीत त्यांच्या आई, मालनबाई, एकट्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि श्रीपादची बदली होऊन तो घरी आल्याशिवाय आपण डोळ्याला हात लावू देणार नाही, असं त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं. हर्डीकरांनी बदलीसाठी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं. इकडे विचार चालू होता, तिकडे मालनबाईंना आता फोनवरची बटणंही दिसेनाशी झाली होती. त्या चाचपडत फोन लावत आणि तीनांतून एकदा तो एका गॅस एजन्सीला लागे.

अशा स्थितीत मे महिन्याच्या सुट्टीत तनयाच्या शाळेने आठवीच्या वर्गाला गृहपाठ दिला: ‘पोटाला पिशवी असलेला एक प्राणी आणि एक सॅलमँडर यांचं वर्गीकरण व संरक्षण-स्थिती यांची तुलना करा.’ मालवीय नगरच्या बाजारात एक दुकान आहे. तिथे सकाळी विषय सांगितला की संध्याकाळी थर्माकोलसकट गृहपाठ मिळतो आणि शाळेतली झाडून सगळी मुलं तिथूनच नेतात. पण गृहपाठ मुलांनी करायचा असतो, अशी विभाताईंची समजूत होती. त्यामुळे तनयाने तक्ता स्वतः केला. त्याचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकताच बाईंनी विचारलं, “इतना टेढ़ा-मेढ़ा किससे बनवाया?”

हर्डीकरांना मात्र तक्ता आवडला. डावीकडे अमेरिकेतला ओपॉसम, उजवीकडे मेक्सिकोतला ॲक्सोलॉटल नावाचा सॅलमँडर. दोघांचीही तोंडं हसरी काढली होती.

“बाबा, दोघंपण कण्यावाले आहेत, मतलब तिथपर्यंत सेम,” तनया समजावू लागली. “मग वेगळे होतात. ओपॉसम सस्तन वर्गात, ॲक्सोलॉटल उभयचर वर्गात. ओपॉसमची आई पिल्लांना पोटावरच्या पिशवीत ठेवते. ॲक्सोलॉटल अंडी देतो आणि निघून जातो.”

“आणि संरक्षण?”

“ओपॉसम लीस्ट कन्सर्न आहे. मतलब खूप आहेत ना, म्हणून त्याचं टेन्शन कोणालाच नाही. ॲक्सोलॉटल क्रिटिकली एन्डेन्जर्ड. फक्त एका लेकमध्ये थोडेसे राहिलेत. तसे काचेच्या टाकीत पाळलेले हजारो आहेत, पण ते मोजत नाहीत.”

“का बरं? तेही जिवंतच आहेत की.”

“पण ते आपल्या घरी नाहीत ना बाबा. जिथले असतात तिथेच असले तर मोजतात.”

नऊ वर्षं म्हणजे फार झाली, एवढंच हर्डीकरांच्या मनात आलं.

गृहपाठ इथे संपायला हरकत नव्हती. पण त्याच सुमारास ‘जीवसखा’ नावाच्या एका सरकारी पोर्टलचं थाटात उद्घाटन झालं होतं आणि उद्घाटनानंतर ते रिकामंच पडलं होतं. ते भरण्यासाठी आसपासच्या शाळांनी आपले प्राणिविषयक प्रकल्प त्यावर चढवावेत, असं ठरलं. प्रत्येक प्राण्यासाठी एक फॉर्म होता. तो पालकाने भरायचा होता. हर्डीकरांनी चष्मा पुसला आणि बाह्या सरसावून बसले.

नाव, वर्ग, गण, कुल, संरक्षण-स्थिती हे रकाने तनयाच्या तक्त्यावरून भराभर भरले गेले. ओळखीची खूण: ‘हसरा चेहरा.’ पासपोर्ट आकाराचा फोटो म्हणून तक्त्यावरच्या चित्रांचे फोटो लावले. मग पुढचे दोन रकाने आले, ‘कायमचा पत्ता’ आणि ‘सध्याचा पत्ता’. दोन्हींपुढे लाल चांदणी होती. भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

गावातल्या गावात जन्म काढणारा माणूस इथे अडखळला असता. पण बदलीच्या नोकरीतल्या माणसाला हे दोन रकाने झोपेतही भरता येतात. हर्डीकरांनी ते पाच शहरांत मिळून काही शे वेळा भरले होते. ज्याचा कायमचा पत्ता लांबचा असतो त्याचा सध्याचा पत्ता जवळचा असतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. ॲक्सोलॉटलच्या कायमच्या पत्त्यात त्यांनी मेक्सिकोतलं ते तळं लिहिलं, ओपॉसमच्या पत्त्यात उत्तर अमेरिका. आणि सध्याच्या पत्त्यात, काही टपाल आलंच तर नीट पोचावं म्हणून, दोघांच्याही नावापुढे लिहिलं: ‘द्वारा श्री. श्रीपाद हर्डीकर, क-१४, मालवीय नगर, जयपूर.’

मोबाईलवर ओटीपी आला, तो टाकला. ‘अभिनंदन! आपले प्राणी नोंदले गेले आहेत,’ असं पडद्यावर उमटलं. तनयाला प्रकल्पाचे दहापैकी सहा गुण मिळाले. चार वेडंवाकडं असण्याबद्दल कापले होते.

सहा जूनला चमत्कार झाला. हर्डीकरांची सांगलीला बदली झाली. तीस जूनपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार, असं हुकुमात स्वच्छ लिहिलं होतं. मालनबाईंनी त्याच दिवशी डॉक्टरांकडून चार जुलैची तारीख घेतली. “श्रीपाद, या खेपेला चुकवू नकोस रे. डोळे उघडतील तेव्हा पहिलं तुला बघायचंय,” त्या म्हणाल्या, आणि एरवी कोरडेपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या हर्डीकरांनी नाक शिंकरण्याचं निमित्त करून फोन विभाताईंकडे दिला.

कार्यमुक्त होण्यासाठी कार्यालयातल्या अकरा जणांच्या सह्या लागत. दहा झाल्या. अकरावी प्रशासनाच्या प्रणिता मॅडमची, त्याही मराठीच. त्यांनी संगणकात पाहिलं आणि भुवया वर केल्या.

“हर्डीकर सर, तुमच्या मोबाईल नंबरवर तुमच्या पत्त्यावर राहणारे पाच जीव दिसतायत. तुम्ही, मॅडम, तनया आणि आणखी दोघं.”

“आणखी दोघं कोण?”

“एक ओपॉसम आणि एक…” मॅडमनी मान पुढे काढली. “हे मला म्हणता येत नाहीये. पण अतिसंकटग्रस्त आहे. सर, सगळी पोर्टलं आता एकमेकांना जोडलीत. परदेशी प्राणी अंगावर असताना तुम्हाला कसं सोडू? जीव नोंदणी कक्षाचं ना-हरकत आणा.”

जीव नोंदणी कक्ष शास्त्री नगरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. तिथले निरीक्षक भंवरलालजी सौम्य स्वभावाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. पोर्टल सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे आलेले हर्डीकर हे पहिलेच नागरिक असल्यामुळे त्यांनी चहा मागवला.

“जानवर हटाने हैं? बिलकुल हटाएँगे,” भंवरलालजी म्हणाले. “कारण बताइए. मर गए?”

“नाही, म्हणजे, मरे नहीं.”

“अच्छा है. मरते तो पोस्टमार्टम लगता. भाग गए?”

“नहीं जी.”

“भागते तो थाने की रपट लगती. किसी को दे दिए?”

“किसी को नहीं दिए. वो थे ही नहीं!” हर्डीकरांचा आवाज चढला. “कभी नहीं थे. बच्ची का होमवर्क था.”

भंवरलालजींनी शांतपणे पडदा त्यांच्याकडे वळवला. कारणांची यादी तिथे होती: मृत, पलायन, हस्तांतरण, स्थानांतरण. “देखिए साहब, ‘थे ही नहीं’ का कॉलम नहीं है.”

“पर सच तो यही है.”

“सच होगा. पर फिर आपने सरकार को झूठी जानकारी दी. उसकी जाँच तीन महीने चलती है.” मग एकाएकी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, “वैसे, कान के बिल्ले का नंबर क्या है दोनों का?”

सॅलमँडरला बाहेरचा कान नसतो, हे हर्डीकरांना तनयाच्या तक्त्यावरून ठाऊक होतं. पण मुरलीपुऱ्याचे ते गृहस्थ हात जोडून डोळ्यांसमोर उभे राहिले. आपलं चुकलंच होतं, असं त्यांना आयुष्यात प्रथमच वाटलं, आणि असं वाटण्याची वेळ मोठी गैरसोयीची होती. त्यांनी एवढंच विचारलं, “आता काय करायचं? मतलब, क्या करें?”

“मौका मुआयना करेंगे,” भंवरलालजी म्हणाले. “परसों आपके घर आकर देखता हूँ.”

घरी विभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या सांगलीच्या शाळेत आठ वर्षं गणित शिकवून आलेल्या बाई. घाबरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “येऊ दे त्यांना. घर रिकामं आहे ते दिसेलच की,” त्या म्हणाल्या आणि पोह्यांसाठी कांदे काढून ठेवले.

भंवरलालजी ठरलेल्या दिवशी दुपारी आले. बाहेर त्रेचाळीस अंश तापमान होतं. ते टेप, थर्मामीटर आणि नोंदवही घेऊन आले होते. त्यांनी दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, कूलरची मागची बाजू आणि गादीखाली पाहिलं. सामान बांधून झालेलं होतं. खोक्यांवरही त्यांनी कान लावून ऐकलं.

“अंकल, ते इथे नाहीयेत,” तनया म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती हिंदीत म्हणाली, “वो तो मेक्सिको में रहते हैं.”

“बिटिया, वो उनका परमानेंट पता है,” भंवरलालजी मायेने म्हणाले. “हम तो अभी का पता देख रहे हैं.”

पोहे आले. भंवरलालजींनी एक बशी संपवली, दुसरी घेतली आणि समोरच्या भिंतीवर, अजून काढायचा राहिलेल्या तक्त्याकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी चित्रातल्या दोन्ही प्राण्यांची टेपने लांबी मोजली. नोंदवहीत लिहिलं, ‘दोनों जानवर देखे. चेहरा हँसमुख, पोर्टल से मेल खाता है.’

“अहो, पण हे तर चित्र आहे!” हर्डीकर ओरडले.

“फोटो भी तो चित्र का ही लगाया था आपने,” भंवरलालजी म्हणाले. हर्डीकरांनी दावे विभागातल्या सव्वीस वर्षांच्या सवयीने मुद्दा तपासून पाहिला आणि तो बिनचूक निघाला.

मग भंवरलालजींनी थर्मामीटर पाहिला, तक्त्यावरचा मजकूर वाचला, आणि त्यांची बशी हातातच राहिली. तनयाने तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘इसे ठंडा पानी चाहिए. गर्मी में मर जाता है.’

“यह तो अतिसंकटग्रस्त है! और कमरे में सैंतीस डिग्री!” त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. “मेरे इलाक़े में मर गया तो जवाब मुझे देना पड़ेगा. अगले साल मेरा रिटायरमेंट है, साहब.”

हर्डीकर सांगू लागले की जो नाहीच तो मरणार कसा. विभाताईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

“भाईसाहब,” त्या गोड आवाजात म्हणाल्या, “हमारे सांगली में कृष्णा नदी है. घर से दस मिनट. बारिश भी शुरू हो गई है.”

भंवरलालजींनी त्यांच्याकडे पाहिलं. बुडत्या माणसाने किनारा पाहावा, तसा त्यांचा चेहरा उजळला. “और रिपोर्ट में कारण लिखेंगे ‘स्थानांतरण’!”

“आणि त्याच्याबरोबर कोणीतरी सांभाळणारा जायला हवा की नको?” विभाताई म्हणाल्या, मग तेच हिंदीतही म्हणाल्या.

“जाना ही पड़ेगा. अकेला थोड़े ही ट्रेन में बैठेगा!”

बदलीचा हुकूम, आईचे डोळे, शस्त्रक्रियेची तारीख, एवढ्यावर जे हललं नव्हतं ते सॅलमँडरच्या नावाने एका दिवसात हललं. संध्याकाळी सही-शिक्क्याचा हुकूम निघाला: ‘अतिसंकटग्रस्त जीवास तात्काळ थंड प्रदेशात हलवावे. सोबत परिचारक म्हणून श्री. हर्डीकर यांस विनाविलंब कार्यमुक्त करण्यात यावे.’ कार्यालयात प्रणिता मॅडमनी तो दोनदा वाचला. “सर, तुम्ही आधीच हा मार्ग का नाही धरला?” त्या कौतुकाने म्हणाल्या. सही करताना त्यांची लेखणी मात्र मध्येच थांबली.

“हा एकाचा झाला. ओपॉसमचं काय?”

हर्डीकर पुन्हा शास्त्री नगरला धावले. भंवरलालजींनी हात वर केले. ओपॉसम लीस्ट कन्सर्न होता. त्याची काळजी करावी अशी तरतूदच कुठल्या नियमात नव्हती. तो मेला तरी कोणी विचारणार नव्हतं, आणि कोणी विचारणार नसल्यामुळे तो हलवायलाही कोणी परवानगी देणार नव्हतं. “ख़तरे में होता तो कुछ करते,” ते खेदाने म्हणाले. “आम जानवर के लिए हम क्या कर सकते हैं? जहाँ है, वहीं रहेगा.”

सव्वीस जून झाला होता. अठ्ठावीसची तिकिटं होती. हर्डीकरांनी रात्री जेवण टाकलं. ज्या प्राण्याचं कोणालाच टेन्शन नाही त्याच्यामुळे आपल्या आईचे डोळे अडले आहेत, या विचाराने त्यांना संताप आला, आणि संताप कोणावर काढावा हे न कळल्यामुळे ते गादी गुंडाळायच्या दोरीशी भांडत बसले. तनया म्हणाली, “बाबा, तुम्हीपण लीस्ट कन्सर्नच होता ना इतके दिवस?” हे तिने सहज विचारलं होतं. हर्डीकरांनी दोरी खाली ठेवली.

अखेर उपाय क्वार्टरनेच सुचवला. क-१४ मध्ये त्यांच्या जागी भोपाळहून बदलून आलेला वरुण नावाचा मराठी अधिकारी राहायला येणार होता आणि ताबा देताना क्वार्टरमधल्या वस्तूंची यादी करून द्यायची असते. जुना रहिवासी सोपवतो, नवा सही करतो आणि त्या क्षणापासून सगळं नव्याचं होतं. यात ‘हस्तांतरण’ आपोआपच होतं. भंवरलालजी फोनवर म्हणाले, “इससे बढ़िया तो कुछ हो ही नहीं सकता.”

सत्तावीसला सकाळी वरुण आला. तिशीतला हसतमुख मुलगा, पाठीला पिशवी, कानात इअरफोन. हर्डीकरांनी यादी पुढे ठेवली. पंखे चार, दिवे नऊ, कूलर एक, गीझर एक (नादुरुस्त), लोखंडी कपाट एक, आणि अगदी शेवटी, हर्डीकरांच्या सुवाच्य अक्षरात, ओपॉसम एक.

हर्डीकरांना राहवेना. ते म्हणाले, “वरुण, सही करण्याआधी एकदा वाचून घ्या हो.”

“सर, वाचायचं काय त्यात? सगळे करतात तसंच असणार ना,” वरुण म्हणाला.

“तरी पण. शेवटची ओळ तरी.”

“सर, तुम्ही फार सज्जन आहात,” वरुण म्हणाला आणि तिन्ही प्रतींवर झोकात सही करून मोकळा झाला. मग त्याने विचारलं, “वायफायचा पासवर्ड काय?”

अठ्ठावीसला सकाळी प्रणिता मॅडमनी अकरावी सही दिली. नियमाप्रमाणे जुनी यादी नव्या यादीला जोडायची असते, म्हणून त्यांनी फायलीतून नऊ वर्षांपूर्वीचा कागद काढून हर्डीकरांपुढे सरकवला. हर्डीकर क-१४ मध्ये राहायला आले त्या दिवशीची ती यादी होती. तळाशी त्यांचीच सही होती, निळ्या शाईत, ठसठशीत. त्यांनी ती त्या दिवशीनंतर प्रथमच पाहिली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीही पाहिली नव्हती. पंखे चार, दिवे अकरा, लोखंडी कपाट एक. आणि त्याखाली, त्यांच्या आधीच्या रहिवाशाच्या घाईच्या अक्षरात: ‘उंट एक (मादी, गाभण).’

हर्डीकरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी फाईल बंद केली, प्रणिता मॅडमना नमस्कार केला, आणि मागे वळून न बघता स्टेशन गाठलं. चार जुलैला मालनबाईंची शस्त्रक्रिया सुखरूप झाली. पट्टी सोडली तेव्हा त्यांनी पहिलं श्रीपादला पाहिलं आणि म्हणाल्या, “किती वाळलास रे!” हर्डीकर त्यांच्या पायाशी बसून मनसोक्त रडले, आणि कोणी कारण विचारलं तर सांगायला या खेपेला त्यांच्याकडे कारण होतं.

वाचकहो, आता तुम्ही हसत असाल तर हसून घ्या. फक्त एक सांगा. आज सकाळीच मोबाईलवर काहीतरी उघडताना ‘मी वरील सर्व अटी वाचल्या आहेत व त्या मला मान्य आहेत’ या ओळीपुढच्या चौकोनात तुम्ही बरोबरची खूण केलीत. गेल्या महिन्यात बँकेत सोळा ठिकाणी सह्या केल्यात, कारकुनाने फुल्या मारून ठेवल्या होत्या तिथे तिथे. घरभाड्याचा करार, सोसायटीचं इतिवृत्त, मुलांच्या शाळेचं हमीपत्र, हे सगळं त्याआधीचं. तुमच्या नावावर या घटकेला काय काय उभं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे? आणि त्याला पाणी कोण दाखवतंय?